घरच्यासारखी

आई दादरला चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरी स्वयंपाकघराच्या फळीवर रेडिओ होता. मुंबई आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागलं की बाई आवाज वाढवायच्या. टेकाडे भावजी, मीनावहिनी, पंत. आई मोरीत भांडी घासता घासता ऐकायची. हसायचीसुद्धा. हसू काही जात विचारून येत नाही.

त्या बाई वाईट नव्हत्या. दिवाळीला लुगडं द्यायच्या, पोराला जुनी पुस्तकं द्यायच्या. ती पुस्तकं मी वाचली, खोटं कशाला बोलू. पाहुणे आले की त्या आईकडं बोट दाखवून सांगायच्या, "ही आमच्या घरच्यासारखीच आहे हो." आईचा कप मात्र खिडकीच्या गजाशी उपडा घातलेला असायचा. वेगळा. कान तुटलेला.

रात्री आई चाळीत परतली की तिचा प्रपंच सुरू व्हायचा. बाईंचं लाडिक बोलणं, साहेबांचं खाकरणं, पाहुण्यांचं 'हो का, हो का'. सगळी सोंगं ती एकटी काढायची. खोलीत आठ-दहा बायका, दिवसभर मेलेल्या पायांनी बसलेल्या, हसून हसून लोळायच्या. त्या विनोदाला माइक नव्हता, जाहिरात नव्हती. तो कुठं नोंदलेला नाही.

पण हा लेख आईवर नाही. तो अमेरिकेतल्या रेडिओवर आहे. तिथं रेडिओच्या सुवर्णकाळात घराघरात ज्या कौटुंबिक विनोदी श्रुतिका वाजत होत्या, त्यातल्या मोलकरणीवर आहे. आईचं आधी सांगितलं ते एवढ्याचसाठी, की त्या श्रुतिका ऐकताना मला एकच शब्द सारखा आठवत राहिला. घरच्यासारखी. 'घरची' म्हटलं असतं तर वाटा द्यावा लागला असता. 'परकी' म्हटलं असतं तर मायेचा आव आणता आला नसता. म्हणून 'सारखी'. या तीन अक्षरांत सगळी वर्णव्यवस्था पाय पसरून बसली आहे.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं आपल्याला काय? दोस्तहो, काळ्या अमेरिकेचं आणि आपलं नातं जुनं आहे. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांचं लेखन त्यांनी आपल्या लेखकांपुढं ठेवलं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या संघटनेनं पँथर हे नाव तिकडूनच उचललं. त्यांच्या कविता आपण वाचल्या, त्यांचा संताप आपण आपला मानला. पण गोरी अमेरिका हसत कशावर होती, हे आपण तपासलं नाही. भाषणात समाज सावध असतो. हसताना सैल पडतो. सैल पडला की पोटातलं ओठावर येतं. म्हणून त्यांचा हशासुद्धा वाचला पाहिजे.

*

आधी रेडिओचं अर्थकारण. आपल्याकडं रेडिओ सरकारचा होता. तिथं रेडिओ साबणवाल्याचा. एनबीसी हे जाळं १९२६ मध्ये उभं राहिलं, सीबीएस १९२७ मध्ये. तेव्हापासून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीनं दिवाणखाना ताब्यात घेईपर्यंत संध्याकाळ रेडिओची होती. कार्यक्रमाचा पैसा कंपनी द्यायची, आणि बरेचसे कार्यक्रम जाहिरात संस्थाच तयार करून घ्यायच्या. म्हणजे विनोद कुणाला रुचला पाहिजे हे आधी ठरलेलं. साबण, मेण, लोणी-तूप विकत घेणाऱ्या गोऱ्या मध्यमवर्गीय घराला.

'फिबर मॅगी अँड मॉली' ही त्यातली गाजलेली मालिका. १६ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. जिम आणि मॅरियन जॉर्डन हे खरोखरचे नवरा-बायको, इलिनॉयमधल्या पिओरिया गावचे. नवरा थापाड्या, बायको समजूतदार. घराचा पत्ता ७९, विस्टफुल व्हिस्टा. त्या घरात एक कपाट होतं. फिबर ते उघडायचा आणि आतलं सगळं सामान धडाधड कोसळायचं. शेवटी एक छोटी घंटी वाजायची. डोळ्याला काही नाही, नुसता आवाज. पण लाखो माणसं त्या आवाजाची वाट बघायची. विनोद म्हणून ही युक्ती झकास आहे. रेडिओची ताकद तिनं बरोबर ओळखली होती: ऐकणाऱ्याला कपाट स्वतःच्या घरातलं आठवतं.

प्रायोजक होते जॉन्सन वॅक्स. घरातल्या जमिनी चकचकीत करायचं मेण. आता मेण चोळणारे हात कुणाचे, हा सवाल मनात येतो की नाही?

रेडिओला कातडीचा रंग दिसत नाही. खरं तर इथं एक मोठी संधी होती. ज्या यंत्रात रंगच दिसत नाही, त्यात माणूस नुसता माणूस म्हणून बोलू शकला असता. झालं उलटं. रंग दिसत नाही म्हटल्यावर तो ऐकवायची सोय करण्यात आली. तुटकी भाषा, ओढलेले सूर, भाबडा प्रश्न, खिदळणं. आवाजालाच काजळी फासली.

'अमॉस अँड अँडी' ही मालिका १९२८ मध्ये शिकागोत सुरू झाली. दोन काळे मित्र. बोलणारे दोघंही गोरे, फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल. सगळी अमेरिका कानात प्राण आणून ऐकायची. १९३१ मध्ये 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वर्तमानपत्रानं या मालिकेविरुद्ध दहा लाख सह्या गोळा करायची मोहीम काढली. आणि त्याच वर्षी शिकागोतल्या 'डिफेंडर' या काळ्यांच्याच दुसऱ्या वर्तमानपत्रानं पोरांच्या मेळाव्याला त्याच दोघा गोऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. म्हणजे एकमत तिथंही नव्हतं. आपल्यात तरी कुठं असतं?

*

आता मुख्य गोष्टीकडं येऊ.

जानेवारी १९४४. फिबर मॅगीच्या घरी एक नवी मोलकरीण आली. नाव ब्यूला. जाडजूड, हसरी, प्रेमळ काळी बाई. ही बाई म्हणजे मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष होता. स्टुडिओत समोर प्रेक्षक बसलेले असायचे. हर्ट त्यांच्याकडं पाठ करून उभा राहायचा. ब्यूलाची हाक आली की गर्रकन वळायचा आणि त्या काळ्या बाईच्या आवाजात ओरडायचा. प्रेक्षक गोरा पुरुष बघायचे, काळी बाई ऐकायचे, आणि छप्पर उडेल असा हशा पिकायचा. घरी बसलेल्याला फक्त तो हशा ऐकू यायचा.

हा हशा नीट तपासा. गोऱ्याच्या तोंडी काळा आवाज. पुरुषाच्या तोंडी बाईचा आवाज. पगार देणाऱ्यांतल्या एकाच्या तोंडी चाकरी करणारीचा आवाज. तीन पायऱ्या एका दमात. पुरुषानं बाईचं सोंग घेणं आपल्याला नवं नाही. बालगंधर्व रंगमंचावर आले की लोक हरखायचे, ते समोर स्त्री उभी राहिली म्हणून. इथं लोक हसत होते ते स्त्री नाहीच, यावर. जिची नक्कल चालली आहे ती काळी बाई त्या खोलीत कुठंच नाही, हीच तर गंमत. ती कदाचित त्याच वेळी त्या प्रेक्षकांच्या घरी जमिनीला मेण चोळत असेल.

जुलै १९४५ मध्ये हर्टला ब्यूलाच्या नावानं स्वतंत्र मालिका मिळाली. मार्च १९४६ मध्ये तो हृदयविकारानं वारला. मग १९४७ मध्ये ब्यूला म्हणून कुणाला घेतलं? बॉब कोर्ली. पुन्हा गोरा पुरुष. एवढ्या मोठ्या मुलखात काळ्या मोलकरणीचं काम करायला काळी बाई सापडेना!

या दोन गोऱ्या ब्यूलांच्या मधल्या वर्षाची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रसंघाकडं दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. काळी माणसं जगाच्या दारात स्वतःच्या आवाजात दाद मागत होती, आणि तिथल्या घराघरात त्यांचा आवाज म्हणून गोऱ्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

*

काळ्या बाया रेडिओवर नव्हत्याच असं नाही. लिलियन रँडॉल्फ होती. 'द ग्रेट गिल्डरस्लीव्ह' या मालिकेत ती बर्डी नावाच्या स्वयंपाकिणीचं काम करायची. फिबर मॅगीचा शेजारी गिल्डरस्लीव्ह लोकांना इतका आवडला, की ३१ ऑगस्ट १९४१ पासून त्याची वेगळी मालिका निघाली. समरफील्ड नावाचं गाव, हा तिथल्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी, लग्न न झालेला, फुगीर, आणि अंगावर आई-बाप नसलेली भाची आणि भाचा.

लिलियनची एक हकिगत सांगितली जाते. डेट्रॉइटच्या रेडिओ केंद्रावर तिला काम मिळण्याआधी तिची तीन महिने शिकवणी झाली. कशाची? 'काळ्यांच्या बोली'ची! काळ्या बाईला काळी बाई कशी बोलते हे गोऱ्यांच्या केंद्रानं शिकवलं. तुझी बोली खरी नाही. आमच्या कानातली तुझी बोली खरी. आपल्यातल्या ज्या लेखकानं नाटकात किंवा सिनेमात वस्तीवरच्या माणसाचे संवाद लिहून दिले असतील, त्याला हे सांगायला नको. संवाद 'पुरेसे वस्तीतले वाटत नाहीत' म्हणून परत येतात, तेव्हा ते कुणाला वाटत नाहीत?

बर्डीचे भाग आता सहज मिळतात. पुतण्यानं मोबाईलवर लावून दिले. बरेच ऐकले. समीक्षा करायची तर इमानदारीनं केली पाहिजे, म्हणून सांगतो: मी हसलो. गिल्डरस्लीव्ह हा फुकटचा रुबाब करणारा मामा आहे, भाचा लेरॉय त्याची हवा काढतो, न्यायाधीश हूकर त्याला चिडवतो, औषधाच्या दुकानातला पीव्ही एका संथ वाक्यात त्याचा सगळा डाव उलथवतो. बांधणी चोख आहे. आणि बर्डी? त्या घरात खरी अक्कल तिलाच आहे. पोरांना काय हवं ते तिला कळतं, मामाचं बिंग तिला आधी समजतं. लिलियनच्या आवाजात एक ऊब आहे, ती शिकवणीनं येत नाही.

मग आक्षेप काय? आक्षेप असा, की बर्डीची सगळी अक्कल गिल्डरस्लीव्हचं घर सावरण्यात खर्च होते. मोलकरीण मालकापेक्षा शहाणी दाखवणं हा या विनोदाचा ठरलेला साचा आहे. मालकाला चार टोले बसतात, ऐकणाऱ्याला वाटतं बघा किती मोकळेपणा! पण भाग संपतो तेव्हा मालक दिवाणखान्यात असतो आणि शहाणी बाई स्वयंपाकघरात. शहाणपणानं दार उघडत नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्या पाटलाला हसवायचा आणि पाटलाला हसायचाही. त्याच्या विनोदात पाटील फडासमोर उघडा पडायचा. बर्डीचा मालक उघडा पडतो तो घरातल्या घरात, आणि तीच त्याच्यावर पांघरूण घालते.

*

२४ नोव्हेंबर १९४७ ला ब्यूलाच्या जागी पहिल्यांदा एक काळी बाई बोलली. हॅटी मॅक्डॅनियल. जाळ्यावरच्या रेडिओ मालिकेची नायिका झालेली ती पहिली काळी स्त्री. सीबीएसवर, आठवड्यातले पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं. प्रायोजक साबणवाले, प्रॉक्टर अँड गँबल.

ही हॅटी कोण? तिचा बाप गुलामीत जन्मलेला, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढलेला. १९२९ च्या मंदीनंतर मिलवॉकीच्या एका क्लबात ती बायकांच्या संडास-मोरीची राखणदार होती. मग लॉस एंजेलिसला आली. तिथं रेडिओवर गाऊ-बोलू लागली, लोकप्रियही झाली. पण पगार इतका तुटपुंजा, की पोटासाठी लोकांच्या घरी मोलकरणीचं काम चालूच ठेवावं लागलं. आवाज घराघरात, आणि हात घराघरातल्या भांड्यांत.

'गॉन विथ द विंड' या १९३९ च्या चित्रपटातल्या दाईच्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. पण डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तिथं तिला जाता आलं नाही, कारण तिथं काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसायला मनाई. आणि फेब्रुवारी १९४० मध्ये ऑस्करच्या समारंभात तिला बसवलं ते इतर कलाकारांपासून दूर, भिंतीकडच्या वेगळ्या टेबलाशी. आईचा कप आठवला. मायेनं दिलेला चहा, पण कप वेगळा. सन्मानानं दिलेलं बक्षीस, पण टेबल वेगळं.

ब्यूलाचं काम घेताना हॅटीनं अटी घातल्या. ती तुटकी 'काळी बोली' मी बोलणार नाही. संहितेत जे अपमानाचं वाटेल ते बदलून घेईन. त्या काळात, त्या धंद्यात, एका काळ्या बाईनं घातलेल्या या अटी आहेत. त्यांचं मोल कमी लेखणारा माणूस मला बोलघेवडा वाटतो. पण नीट बघा तिला काय मिळालं. लेखणी तिच्या हातात आलीच नाही. खोडरबर तेवढा मिळाला. वाईट शब्द खोडता येत होता, पण नवं घर लिहिता येत नव्हतं.

कारण मालिकेचं नाव ब्यूलाचं, आणि घर हेंडरसनांचं. साहेब, बाई आणि त्यांचा मुलगा डॉनी. त्यांच्या अडचणी ब्यूला सोडवते. तिचा मित्र बिल येतो तो हेंडरसनांच्या स्वयंपाकघरात. तिची मैत्रीण ओरिओल भेटते तीही तिथंच. मालिका तिच्या नावाची, पण तिचा संसार दुसऱ्याच्या चुलीपुढं. कौटुंबिक विनोद म्हणतात याला. कुणाचं कुटुंब?

आता दोन तारखा शेजारी ठेवा. जुलै १९४५ मध्ये गोरा हर्ट काळ्या मोलकरणीच्या आवाजात स्वतःची मालिका सुरू करतो. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कोर्टात खऱ्या काळ्या बाईला तिच्या घरातून काढायचा दावा उभा राहतो. ती बाई म्हणजे हीच हॅटी. वेस्ट अ‍ॅडम्स भागात, 'शुगर हिल' म्हणतात त्या वस्तीत, तिनं स्वतःच्या कमाईनं घर घेतलं होतं. जुन्या कागदात अट होती की इथली घरं काळ्यांना द्यायची नाहीत. गोऱ्या शेजाऱ्यांनी ती अट काढून दावा ठोकला. काळे घरमालक एकत्र आले. त्यात एथेल वॉटर्स, लुईस बीव्हर्स या अभिनेत्रीही होत्या. वकील लॉरेन मिलर हा काळा कार्यकर्ता. न्यायाधीश थर्मंड क्लार्क स्वतः वस्ती बघून आले आणि त्यांनी दावा फेटाळला. चौदाव्या घटनादुरुस्तीनं दिलेले हक्क कसलीही पळवाट न काढता द्यायची वेळ आली आहे, असं त्यांनी बजावलं. पुढं १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला.

रेडिओच्या गोऱ्या घरात मोलकरीण म्हणून ती 'घरच्यासारखी'. स्वतःच्या घरात घरमालकीण म्हणून ती नकोशी. शेजारी तीच, शहर तेच. स्वयंपाकघरातल्या काळ्या बाईवर हसणारा माणूस ओसरीवरच्या काळ्या बाईला बघून वकील गाठतो. हशाची आणि दाव्याची मुळी एकच आहे. आपल्या मुलांना शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारतात ना, तीच ही मुळी.

*

मग कौटुंबिक विनोद हा प्रकारच टाकाऊ आहे का? नाही. त्याच रेडिओवर 'द गोल्डबर्ग्ज' होतं. २० नोव्हेंबर १९२९ ला सुरू झालेलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं गरीब ज्यू कुटुंब. आई मॉली, बाप जेक, मुलं रोझली आणि सॅमी, आणि डेव्हिडकाका. लिहिणारी गर्ट्रूड बर्ग, मॉलीचं काम करणारी पण तीच. मॉलीचं इंग्रजीही मोडकंतोडकं आहे, तिच्या बोलण्यावरही लोक हसतात. पण फरक कानाला लगेच कळतो. तिथं मोडकी भाषा ही स्वतःच्या चुलीपुढची भाषा आहे. तिच्यात हुकूम आहे, माया आहे, भांडण आहे. आपण मॉलीच्या घरात पाहुणे असतो; ती आपल्या घरात कामाला आलेली नसते.

३ एप्रिल १९३९ च्या भागात हे कुटुंब वल्हांडणाच्या जेवणाला बसलेलं असतं आणि खिडकीतून दगड येऊन पडतो. युरोपात ज्यूंची घरं-दुकानं फोडली त्याला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. विनोदी मालिकेत तो दगड आणायची हिंमत कुठून आली? लेखणी जिच्या हातात, तिला माहीत असतं की आपल्या खिडकीवर दगड येतात. ब्यूलाच्या स्वयंपाकघरात दगड येत नाही, कारण ते घर ब्यूलाचं नाहीच.

लेखणी हातात आली म्हणजे सगळं आलं असंही नाही. मालिका टीव्हीवर गेली, तेव्हा बापाचं काम करणाऱ्या फिलिप लोबचं नाव १९५० मध्ये कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत आलं. प्रायोजकानं पाठ फिरवली. बर्गनं त्याच्यासाठी झुंज दिली, पण शेवटी त्याला जावं लागलं. १९५५ मध्ये त्यानं आत्महत्या केली. लेखणीच्या वर पैशाची थैली असते. हेही ध्यानात ठेवायचं.

*

हॅटीचं काय करायचं? हा सवाल कार्यकर्त्यांनी टाळू नये. नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल ही काळ्यांची जुनी संघटना. तिचे वॉल्टर व्हाइट सिनेमातल्या दाई-मोलकरणींवर सतत टीका करत राहिले. १९५१ मध्ये संघटनेनं 'अमॉस अँड अँडी' आणि 'ब्यूला' या टीव्ही मालिकांचा निषेध केला. हॅटीच्या नावावर एक बोलणं सांगतात, की आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचं काम वठवलेलं बरं. लोक या वाक्यावर टाळ्या तरी देतात, नाही तर शिव्या तरी.

मी दोन्ही करणार नाही. व्हाइटचा निषेध बरोबर होता. ब्यूलावर हसणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या मोलकरणीत ब्यूला शोधतो, आणि ती तशी हसरी नसली तर तिला माजोरी म्हणतो. पण जिनं खरोखर लोकांची भांडी घासली, तिला पांढऱ्या कॉलरच्या माणसानं 'तू मोलकरणीचं काम का केलंस' म्हणून झापणं, यातही वर्गाचा माज आहे. मोलकरीण असण्यात लाज नाही. जे काम माझ्या आईनं केलं त्याची लाज मला वाटत नाही. लाज त्याची वाटली पाहिजे, ज्यानं मोलकरणीला मन दिलं नाही, रात्र दिली नाही, घर दिलं नाही.

आणि नुसत्या निषेधानं काय होतं तेही बघा. हॅटीनंतर लिलियन आणि मग तिची बहीण अमांडा या दोघींनी रेडिओवर ब्यूला केली. १९५४ मध्ये ती बंद पडली. पण मोलकरीण नसलेली काळी नायिका घेऊन 'जूलिया' ही टीव्ही मालिका यायला १९६८ उजाडलं. वाईट सोंग गेलं, पण रिकामी जागा लगेच आपल्याला मिळाली नाही. नकार देणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं लिहिण्याचं आहे.

ते उरलेलं अर्धं काम एका काळ्या बाईनं तेव्हाच सुरू केलं होतं. अ‍ॅलिस चिल्ड्रेस. स्वतः घरकाम केलेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल रोबसनच्या 'फ्रीडम' या पत्रात ती सदर लिहायची. १९५६ मध्ये त्याचं पुस्तक झालं: 'लाइक वन ऑफ द फॅमिली'. म्हणजे घरच्यासारखी! मिल्ड्रेड नावाची मोलकरीण रात्री आपल्या मैत्रिणीला, मार्जला, दिवसभराचं सांगते. बाई कशा बोलल्या, मी काय ऐकवलं. पहिल्याच प्रकरणात ती मालकिणीचं 'घरच्यासारखी' हे लेबल सोलून काढते. विनोद पोटभर आहे. पण जागा बदलली आहे. आता स्वयंपाकघर मालकिणीचं नाही. बोलणारी मोलकरीण, ऐकणारी मोलकरीण, आणि हसण्याचा विषय मालकीण.

हे वाचलं तेव्हा मी उठून बसलो. ही तर आमच्या चाळीतली खोली! आई रोज रात्री जे करायची ते हेच. फरक एवढाच, की तिथं कुणीतरी लिहून काढलं, आणि इथं लिहिता येणारा मुलगा कोपऱ्यात बसून बाईंनी दिलेली पुस्तकं वाचत होता.

*

हॅटी २६ ऑक्टोबर १९५२ ला कर्करोगानं गेली. हॉलीवूडच्या दफनभूमीत पुरा, अशी तिची इच्छा होती. तिथं फक्त गोऱ्यांना जागा होती. नकार मिळाला. तिला रोझडेल दफनभूमीत पुरलं. १९९९ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी, हॉलीवूडच्या त्या दफनभूमीत तिच्या नावाचा दगड उभा केला. दगड आहे, ती तिथं नाही. आपल्या गावांत मसणवट वेगळी असते, तेव्हा हे फार समजावून सांगायला नको. जिवंतपणी घरच्यासारखी, आणि मेल्यावर तर 'सारखी'सुद्धा नाही.

दोस्तहो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आया, मावश्या, आत्या आजही दुसऱ्याच्या घरात राबून येतात. त्या रात्री काय बोलतात ते ऐका. त्यांच्या दुःखाच्या ओव्या आपण पुष्कळ लिहिल्या. त्यांचा टवाळपणा लिहिला नाही. त्या कुणाची नक्कल करतात, कुठं थांबतात, कशावर टाळी देतात, ते लिहून घ्या. त्यांच्याच बोलीत. शिकवणीला बसवून नका.

आई थकली, कामं सुटली, तेव्हा त्या बाई एकदा चाळीत भेटायला आल्या. आईनं चहा केला. फळीवर चार कप होते, सगळे सारखेच. बाईंनी कप हातात घेतला, क्षणभर बघितला, आणि प्यायल्या. त्या गेल्यावर शेजारणीनं विचारलं, कोण होत्या?

आई म्हणाली, "त्या होय? आमच्या घरच्यासारख्याच आहेत."

आणि सगळी खोली हसली.